तेरा मिनिटांत न मोडणारी खुर्ची

आमच्या नाटक कंपनीत शेवटचा पडदा पडला की तेरा मिनिटांत एक अख्खं घर नाहीसं व्हायचं. दिवाणखाना, जिना, खिडकी, खिडकीबाहेरचं झाड, सगळं. मी पांढऱ्या केसांचा टोप काढून आरशात स्वतःला ओळखेपर्यंत माझं सासर ट्रकमध्ये जाऊन बसलेलं असायचं. मी आयुष्यभर सासवाच केल्या. माझ्या प्रत्येक सुनेनं मला घराबाहेर काढायची धमकी दिली. घरालाच बाहेर काढलं ते फक्त आमच्या मेस्त्रींनी.

मेस्त्री म्हणजे कंपनीचे सुतार. अंगानं काडी, कानावर पेन्सिल, तोंडात दोन खिळे. खिळे तोंडात असल्यामुळे ते कमी बोलतात असा आमचा समज होता. निवृत्त झाल्यावर खिळे निघाले आणि कळलं, माणूस बोलायला कमी नाही, इतकी वर्षं फक्त अडवून धरला होता.

त्या तेरा मिनिटांचं गुपित साधं होतं. मेस्त्री सांध्यांना सरस लावत नसत. एका लाकडाच्या टोकाला जीभ काढायची, तिला कुसू म्हणतात. ती दुसऱ्या लाकडाच्या खाचेतून आरपार घालायची आणि बाहेर आलेल्या टोकात एक लाकडी खुंटी ठोकायची. खुंटी आहे तोवर सांधा हत्तीनंही हलत नाही. खुंटी ओढली की दोन लाकडं एकमेकांना ओळखही देत नाहीत. अशा दोनशे चौदा खुंट्या आमच्या एका घरात असत, आणि मेस्त्रींना प्रत्येकीची जागा पाठ होती.

दुसरा नियम, लाकूड फक्त प्रेक्षकांना दिसेल तिथेच. मागे नुसत्या काड्या.

आता हा माणूस चाळीस वर्षं असं काम करून घरी बसला, तर घर कसं असेल? मी त्यांच्या शेजारच्याच इमारतीत राहते, रोज संध्याकाळी चहाला जाते, म्हणून सांगते. टेबल, मांडणी, पलंग, सगळं खुंट्यांवर. भिंतीला एक सुंदर खिडकी, ती फळीवर रंगवलेली. वहिनी, म्हणजे मेस्त्रींची बायको, मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "बाई, तुम्ही समोरच्या वेताच्या मोड्यावर बसा. बाजूला बसलात तर कपाटाची पाठ दिसेल."

"मग दिसू दे की."

"कशी दिसणार? कपाटाला पाठच नाही. भिंतीला टेकून उभं आहे बिचारं. माझ्यासारखं."

"अगं, भिंत आहे ना मागे!" मेस्त्री आतून ओरडले. "भिंतीला कशाला फळी दाखवायची? तिनं तिकीट काढलंय?"

तरीही आळीतल्या लोकांना लाकडाचं काही अडलं की ते मेस्त्रींकडेच येत. कारण काय करायचं हे मेस्त्रींना उत्तम कळत होतं. फक्त ते स्वतःच्या घरी करत नव्हते. माझ्या स्वयंपाकघराचं दार अडकायला लागलं तेव्हा मी रंधा घेऊन येणाऱ्या एका माणसाला बोलावलं होतं. मेस्त्रींनी त्याला दारातूनच परत पाठवला. म्हणाले, "बाई, दार अडकलं की लोक आधी दाराला तासतात. दाराचा काय दोष? बिजागरी बघा." बघितलं, तर वरच्या बिजागरीचे स्क्रू ढिले होऊन दार पुढे झुकलेलं. स्क्रू आवळावा तर भोक मोठं झालेलं, नुसताच फिरे. मेस्त्रींनी आगपेटीतल्या चार काड्यांची डोकी मोडली, काड्या सरसात बुडवून भोकात कोंबल्या, वाळल्यावर वरची टोकं कापली आणि त्यातच स्क्रू बसवला. स्क्रूला आधी साबण चोळला. दार असं सरळ झालं की जणू शाळेत साहेब आले.

"आणि उरलं थोडं घासत, तर खडू फासून दार लावा. जिथला खडू पुसला जाईल तिथेच घासतंय. तिथे मेणबत्ती चोळा. तासायचंच असेल तर हवा कोरडी होईपर्यंत थांबा. ओल्या हवेत लाकूड फुगलेलं असतं. तेव्हा तासलंत तर पुढे दाराच्या फटीतून शेजारीण दिसेल."

"शेजारीण म्हणजे तुमचीच बायको."

"म्हणून तर सांगतोय."

आमच्या आळीतल्या टपाल कारकुनानं मात्र त्यांना विचारलं नाही. त्याचं जेवणाचं टेबल डुगडुगत होतं. त्यानं एक पाय कापला, मग दुसरा लांब वाटला, तो कापला, मग तिसरा. तीन रविवार गेले. शेवटी ते टेबल फक्त मांजराला जेवायला सोयीचं उरलं. मेस्त्री ते बघून पाच मिनिटं टोपी काढून उभे राहिले, मयताला राहतात तसे. मग म्हणाले, "साहेब, करवत आधी भिंतीला टांगून ठेवायची असते. टेबल सपाट फरशीवर ठेवायचं. जो पाय अधांतरी आहे त्याच्या खाली चपट्या ढलप्या सारायच्या, डुगडुग थांबेपर्यंत. त्या ढलप्यांची जाडी तेवढाच तुमचा आजार. ती त्या पायाला चिकटवा, झालं. आजाऱ्याला औषध द्यायचं सोडून तुम्ही तीन धडधाकटांचे पाय कापलेत."

अशा या मेस्त्रींची एक मोठी बहीण होती. आम्ही सगळे त्यांना ताईच म्हणायचो. मुलींच्या शाळेत शिवण शिकवायच्या. मेस्त्रींपेक्षा आठ वर्षांनी मोठ्या. आई लवकर गेल्यामुळे त्यांनीच या धाकट्याला वाढवलं. मेस्त्रींच्या घरी ताईंचं येणंजाणं होतं, दुखण्याखुपण्याला सगळ्यांच्या आधी ताई. पण एकतीस वर्षांत त्या घरात ताई एकदाही बसल्या नव्हत्या. उभ्या उभ्या चहा पीत, उभ्या उभ्या वहिनींना चार गोष्टी सुनावत, आणि जात. वहिनींनी एकदा दुकानातून लोखंडी स्टूल आणलं. ताईंनी ते नखानं वाजवून बघितलं. "आणलंस कुठून ते बरोबर आहे गं. पण ठेवलंस कुणाच्या घरात?"

त्यामागे आमचं नाटक होतं. त्यात माझ्या वाट्याला एक खुर्ची आली होती. तिसऱ्या अंकात सासू तोऱ्यात बसते आणि खुर्ची मोडते. विंगेतून मेस्त्री दोरी ओढत, खुंटी सुटे, खुर्ची चार दिशांना जाई आणि मी मध्ये. पडायचं कसं हे मी सहा महिने शिकले होते. एका दुपारच्या प्रयोगाला ताई आल्या. मध्यंतरात धाकट्याला भेटायला थेट विंगेत. तिसऱ्या अंकासाठी खुंटी आधीच अर्धी ढिली करून ठेवलेली ती खुर्ची तिथेच होती. ताई बसल्या.

आवाज मोठा झाला. पडदा नेमका अर्धा उघडा होता. पहिल्या तीन रांगांनी टाळ्या वाजवल्या. आम्ही सगळे हसलो. नट हसले, दिवेवाला हसला, तबलजीनं एक थाप मारली. आणि मेस्त्रीही हसले. ताई उठल्या, गुडघे झटकले, भावाकडे बघितलं. "तूसुद्धा?" एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

ती खुर्ची तिथे ठेवली म्हणून सगळ्यांनी मेस्त्रींनाच बोल लावला. त्यांनी तो निमूट घेतला. माझ्याजवळही त्याविषयी सांगण्यासारखं काही होतं, पण मी तोंड उघडलं नाही. ते पुढे येईलच.

तर आता ताई एकोणऐंशी वर्षांच्या झाल्या. तिसऱ्या मजल्यावर एकट्या. बासष्ट पायऱ्या. त्या पायऱ्यांवर एका वर्षात दोनदा पडल्या. मेस्त्रींच्या तळमजल्याच्या घरात मागची खोली रिकामी, पण ताईंनी वृद्धाश्रमाचा फॉर्म भरून ठेवला. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला जायचं होतं.

"मी सांगितलं, ताई, माझ्याकडे ये," मेस्त्री चहाच्या कपात बघत म्हणाले. "तर म्हणाली, तुझ्याकडे येऊन उरलेली वर्षं उभ्यानं काढू का?"

"मग?"

"मग काय. खुर्ची करतो. पण माप कोण घेणार? इथे ती बसत नाही, आणि तिच्या घरी मला दारात उभं करत नाही."

मेस्त्री फीत वापरत नाहीत. त्यांचं म्हणणं, आकडा वाचताना माणूस चुकतो, लिहिताना चुकतो आणि कापताना विसरतो. त्यांच्याकडे एक सरळ पट्टी असते, हातभर नाहीतर दोन हात. ती वस्तूलाच लावायची आणि पेन्सिलीनं खूण करायची. आकडा नाहीच. त्या पट्टीवरून थेट लाकडावर. तीच पट्टी त्यांनी माझ्या हातात दिली. एका टोकाला मूठ बसवली होती.

"बाई, तुम्ही ही काठी टेकत जा. ताई बसली असेल तिथे उभ्या राहा. जमिनीपासून तिच्या गुडघ्याच्या आतल्या घडीपर्यंत एक खूण. बसल्यावर कोपर कुठे येतं, तिथे दुसरी. बैठक उंच झाली की पाय लोंबकळतात, बुटकी झाली की म्हाताऱ्या माणसाला उठवत नाही. अर्ध्या बोटाचा प्रश्न आहे. तुम्ही नटी आहात, जमेल."

मला काय, इतक्या वर्षांनी भूमिका मिळाली होती. मी लंगडत बासष्ट पायऱ्या चढले. अर्ध्या जिन्यात अभिनय संपला आणि खरं लंगडणं सुरू झालं. ताई खिडकीजवळ बसून उशीचा अभ्रा शिवत होत्या. मी जवळ जाऊन उभी राहिले, काठी टेकली, खोकल्याची उबळ आणून वाकले आणि मुठीतल्या पेन्सिलीनं खूण केली. मग चष्मा पाडला, तो उचलताना दुसरी. स्वतःवर खूश होऊन मी निघाले.

"थांब," ताई म्हणाल्या. सुई चालूच होती. "गुडघ्याची खूण कापडाच्या घडीवर केलीस. बोटभर खाली घे."

मी काठी पाठीमागे लपवली.

"चाळीस वर्षं मुलींची मापं घेतलीत मी. माप घेणाऱ्याचे डोळे मला कळत नाहीत? आण इकडे." त्यांनी काठी ओढून घेतली, स्वतःच्या पायाला लावली, दोन्ही खुणा खोडून नव्या केल्या. वर तिसरीही केली. "ही पाठीची. तो विसरलाच असेल. पाठ त्याला कधी लक्षात असते? आणि त्याला सांग, एक तारखेला सकाळी टॅक्सी येणार आहे. आधी तुझ्या दारात थांबवीन. बसवलं तर राहीन. नाहीतर टॅक्सी पुढे जाईल."

मेस्त्रींनी लाकूड काढलं ते त्यांच्या आईच्या घराच्या जुन्या दाराचं. पन्नास वर्षं वाळलेलं. "नवं लाकूड घरात आलं की वाळता वाळता वळतं. याचं वळायचं ते वळून झालंय. माझ्यासारखं," ते म्हणाले. पायांना आडवी लाकडं, कुसू, खाचा, सगळं पटाशीनं कोरलं. कुसू हाताच्या दाबानं जावी, हातोड्यानं ठोकावी लागली तर खाच फाटणार, आणि सैल पडली तर सरसावर भार येणार, हे मला पन्नासदा ऐकवलं. बारा दिवसांत खुर्ची उभी राहिली. वहिनींनी भोवती एक फेरी मारली.

"अहो, छान आहे. पण या खुंट्या कसल्या? ही मोडायची तारीख काय ठरलीय?"

मेस्त्रींनी बघितलं. सगळ्या सांध्यांत खुंट्या. नकळत हातानं बसवल्या होत्या. ते मोड्यावर बसले. "मी सरस लावलाच नाही गं कधी. सरस लावला की परत येता येत नाही."

"लग्नाला चाळीस वर्षं झाली, तेव्हा विचारलं नाहीत ते."

मग दोघांनी मिळून खुर्ची सोडवली. मेस्त्रींनी आधी सरसाशिवाय सगळं एकदा जुळवून बघितलं. नंतर सांधे पुसले, सरस पातळ लावला, आत आणि बाहेर दोन्हीकडे. खुर्चीला सुती दोरी गुंडाळून तिच्यात एक काठी घालून पिळली, म्हणजे सगळे सांधे आवळले जातात. पट्टी एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्याला लावली, मग उरलेल्या दोन कोपऱ्यांना. दोन्ही अंतरं सारखी भरली म्हणजे खुर्ची काटकोनात आहे. बाहेर आलेला सरस ओल्या फडक्यानं पुसला. आता चोवीस तास हात लावायचा नाही.

हे त्यांना जमेना. दर अर्ध्या तासानं जाऊन बोटानं चाचपत. शेवटी वहिनींनी खुर्ची मागच्या खोलीत ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली माझ्याकडे दिली. "तुम्ही सासू आहात. तुमच्याकडे मागायची त्यांची छाती होणार नाही."

दुसऱ्या दिवशी बेकरीवाल्याला बोलावलं. आळीतला सर्वांत वजनदार माणूस. तो बसला, डुलला, हसला, चार बिस्किटं खाल्ली. खुर्चीनं हूं की चूं केलं नाही. मेस्त्री कासावीस. "आवाज का करत नाही? रंगभूमीवरची खुर्ची करकरते, म्हणजे कळतं तरी ती काय विचार करतेय!"

एक तारखेला टॅक्सी आली. ताई काठी टेकत आत आल्या, बॅगा टॅक्सीतच. टॅक्सीवाला दारात उभा राहिला. त्यालाही काहीतरी घडणार असा वास आला असावा. खुर्ची खोलीच्या मध्यभागी. ताई बसल्या नाहीत. म्हणाल्या, "उलटी कर."

"ताई, अगं समोरून तरी..."

"शिवण मी नेहमी उलट्या बाजूनं बघते. समोरून सगळेच नीटनेटके असतात. कर उलटी."

मेस्त्रींनी खुर्ची उलटी केली. ताईंनी चष्मा लावला. बैठकीच्या खालची बाजू वरच्याइतकीच गुळगुळीत होती. पाठीची मागची बाजूही. कुठे खडबडीत नाही, कुठे पेन्सिलीची खूण नाही, पॉलिश सगळीकडे. जिथे कुणाचीही नजर जाणार नव्हती तिथे या माणसानं आयुष्यात पहिल्यांदा काम केलं होतं. ताईंचं बोट त्यावरून फिरलं आणि एका जागी अडलं.

"हे काय आहे?"

बैठकीखाली, मागच्या पायाजवळ, एक खुंटी. करंगळीएवढी.

वहिनींनी डोळे मिटले. मेस्त्रींची मान खाली. "ती... ती कशालाच लावलेली नाही, ताई. नुसतं भोक पाडून बसवलीय. एकही खुंटी नसलेली वस्तू माझ्या हातातून सुटेना गं. शपथेवर सांगतो, काढली तरी काही होत नाही."

"हं," ताई म्हणाल्या. "सरळ कर. आणि बस तू."

मेस्त्री बसले. ताई त्यांच्या मागे गेल्या, काठीच्या आधारानं हळूहळू वाकल्या. एवढ्या शांततेत माझ्या आयुष्यात मी फक्त एकदा उभी होते, संवाद विसरले तेव्हा. ताईंनी खुंटी पकडली आणि खस्सकन ओढली.

खुर्चीला काहीही झालं नाही. मेस्त्रींना झालं. चाळीस वर्षं त्या एका आवाजावर त्यांचं अंग चालत आलेलं. ते "सांभाळा!" असं ओरडले, दोन्ही हातांनी डोकं झाकलं आणि मजबूत, सरस लावलेल्या, बेकरीवाल्यानं पास केलेल्या खुर्चीतून स्वतःच उडी मारून जमिनीवर आडवे झाले. जाता जाता पाय कपाटाला लागला. पाठ नसलेलं कपाट खुंट्या सोडून हळूच, सभ्यपणे, चार फळ्यांत खाली बसलं.

खुर्ची मध्यभागी तशीच उभी.

आधी टॅक्सीवाला फुटला. मग ताई. ताई हसल्या ते असं, की काठी सुटली, चष्मा नाकावरून घसरला, डोळ्यांतून पाणी. एकतीस वर्षं साठवलेलं हसू होतं ते, लवकर संपणार नव्हतं. हसता हसता पाय लटपटले आणि आधाराला जे हाताशी आलं त्याच्यावर त्या मटकन बसल्या. मग सगळ्यांच्याच लक्षात आलं की त्या कशावर बसल्यात. हसू थांबलं.

ताईंनी पाय जमिनीवर टेकवून बघितले. बरोबर टेकले. कोपरं खुर्चीच्या हातांवर ठेवली. बरोबर बसली. मागे टेकल्या.

"लागलं का रे, धाकट्या?" त्यांनी विचारलं.

"नाही," जमिनीवरून मेस्त्री म्हणाले. "तुला लागलं होतं ना, ताई?"

"खूप. ऊठ आता. बॅगा आण. टॅक्सीवाल्याला चहा दे, बिचारा हसून हसून दमलाय. आणि बायकोच्या त्या कपाटाला पाठ करून दे."

"वन्सं," वहिनी म्हणाल्या, "तुम्ही रोज अशाच बसत जा."

माझ्या मनात आलं, आज नाही तर कधीच नाही. "ताई," मी म्हणाले, "एक सांगायचंय. त्या दिवशी विंगेत ती खुर्ची मेस्त्रींनी नव्हती ठेवली. तुम्ही दमलेल्या दिसलात, म्हणून मीच पुढे सरकवली. 'बसा ना ताई' असं म्हणालेही. खुंटी ढिली आहे हे माझ्या डोक्यातूनच गेलं होतं. आणि मग इतका उशीर झाला की..."

"ठाऊक आहे मला. माझ्या कानांना काय झालंय? तू म्हणालीस म्हणून तर बसले." त्यांनी हातातली खुंटी उलटसुलट करून बघितली. "भाऊ हसला त्याचं दुःख मोठं होतं, म्हणून तुझा नंबर मागे राहिला. धाकट्या, हिच्यासाठी एक स्टूल कर. रोज येते ना चहाला."

मेस्त्रींनी आठ दिवसांत स्टूल केलं. सुरेख आहे. जुन्या दाराच्या उरलेल्या लाकडाचं, खालूनही पॉलिश केलेलं. त्याच्या बैठकीखाली एक खुंटी आहे आणि तिला बांधलेल्या दोरीचं दुसरं टोक ताईंच्या खुर्चीच्या हाताला गुंडाळलेलं असतं. ती खुंटी खोटी आहे की खरी, हे मी मेस्त्रींना रोज विचारते. ते कानावरची पेन्सिल काढतात, कपात बघतात, आणि एवढ्या वर्षांनी पुन्हा तोंडात दोन खिळे धरतात.